लेखनाची मुदत आणि आपला वेळ

प्रास्ताविक



निबंधाची रचना, मुद्द्यांची मांडणी, उदाहरणांचा वापर यांविषयीची चर्चा आपण मागील घटकांत वाचली आहे. प्रस्तुत घटकाचा विषय त्याहून साधा आहे आणि बहुधा म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. ठरलेल्या तारखेच्या आत लेखन पूर्ण कसे करावे, हा तो विषय होय. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी रोज वर्गात बसत नाही. शिक्षकाशी त्याचे लेखी संभाषण होते ते मुख्यतः गृहपाठातून. गृहपाठ वेळेत पोहोचला नाही तर गुण जातात, कधी वर्षही वाया जाते. याशिवाय आणखी एक हानी होते. आपण काय वाचले आणि त्यातून आपल्याला काय उमगले, हे कोणाला तरी सांगण्याची संधी हातची जाते.

समंत्रक म्हणून उत्तरपत्रिका तपासताना एक दृश्य वारंवार नजरेस येते. पहिली दोन पाने सुवाच्य अक्षरात लिहिलेली असतात, समास सोडलेला असतो, शीर्षकाखाली रेघ असते. तिसऱ्या पानापासून अक्षर तिरके होऊ लागते. पाचव्या पानावर शाई बदलते. शेवटचे उत्तर बाजारातल्या एखाद्या गाइडमधून शब्दशः उतरवलेले असते आणि पहिल्या पानावर स्वतःच्या भाषेत विचार करणारी व्यक्ती तेथे नाहीशी झालेली असते. हा विद्यार्थी आळशी नसतो. पहिली दोन पानेच त्याची ग्वाही देतात. त्याचा वेळ संपलेला असतो, एवढेच. नक्कल हा पुष्कळदा नीतीचा प्रश्न होण्याआधी वेळेचा प्रश्न असतो, असे माझे मत झाले आहे.

“वेळच मिळत नाही” हे प्रौढ विद्यार्थ्याचे नेहमीचे उत्तर असते आणि ते खरेही असते. बोदवड तालुक्यातील कपाशीच्या शेतात दिवसभर वेचणी करून आलेल्या विद्यार्थिनीला, किंवा भुसावळला नोकरीसाठी रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला, वेळेचे महत्त्व सांगणारे सुविचार ऐकवण्यात अर्थ नाही. म्हणून या घटकात आपण वेगळा प्रश्न विचारणार आहोत. लेखनाला नेमका कोणता वेळ लागतो? या प्रश्नाची काही उत्तरे आपल्या खानदेशाच्या वाङ्मयीन इतिहासातच सापडतात.

धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

१९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी सहकारी बंदिवानांसमोर गीतेवर प्रवचने दिली. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ रोजी झाले आणि शेवटचे १९ जून रोजी. दोन्ही दिवस रविवार होते. पंचांग काढून मोजल्यास या दोन तारखांमध्ये, दोन्ही धरून, नेमके अठरा रविवार भरतात. गीतेचे अध्यायही अठराच. दर रविवारी एक अध्याय या क्रमाने हे काम पार पडले. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ही प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेतली आणि त्यामुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला मिळाला.

या घटनेकडे वाङ्मयाच्या किंवा अध्यात्माच्या दृष्टीने पुष्कळ पाहिले गेले आहे. आपण ती कामाच्या नियोजनाच्या दृष्टीने पाहू. गीतेचे अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. पंधराव्या अध्यायात २० श्लोक आहेत, दुसऱ्यात ७२ आणि अठराव्यात ७८. तरीही प्रत्येकाच्या वाट्याला एकच रविवार आला. मोठ्या अध्यायाला जास्त दिवस द्यायचे ठरवले असते, तर काम कदाचित अधिक सविस्तर झाले असते. पण ते कधी संपले असते, हे सांगता येत नाही. येथे एकक ठरलेले होते ते दिवसाचे. रविवार आला की बोलायचे आणि त्या दिवसाचा भाग त्याच दिवशी पूर्ण करायचा. श्रोतेही ठरलेले होते. ऐकायला माणसे बसली आहेत आणि एक जण लेखणी घेऊन तयार आहे, ही गोष्ट कोणत्याही लेखी नोटिशीपेक्षा अधिक बांधून ठेवणारी आहे.

या अठरा रविवारांमागे मोठी पूर्वतयारी होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद असलेली ‘गीताई’ विनोबांनी ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात रचली होती. म्हणजे प्रत्येक श्लोकावर थांबून, त्याला मराठी शब्द शोधून झालेला होता. रविवारी बोलताना त्यांना विषय नव्याने जमवायचा नव्हता. जमवण्याचा वेळ वेगळा गेलेला होता आणि मांडण्याचा वेळ वेगळा होता. हा फरक पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

‘श्यामची आई’ किती दिवसांत लिहिली गेली?

पुढच्याच वर्षी साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखन थांबवले. बेचाळीस रात्रींच्या या पुस्तकाचा बराचसा भाग या चार-पाच दिवसांत कागदावर आला. उरलेला भाग त्यांनी नंतर लिहिला.

ही हकीकत विद्यार्थ्यांना फार आवडते. मुदतीच्या आदल्या रात्री लेखनाला बसणाऱ्याला तर ती विशेष प्रिय असते. गुरुजींनी चार दिवसांत पुस्तक लिहिले, मग मला एका रात्रीत गृहपाठ का जमू नये, असा युक्तिवाद मी एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. त्याला उत्तर देण्यासाठी अमळनेरला जावे लागते.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. घर सोडून शिकायला आलेल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. दैनिक म्हणजे रोजची मुदत. आज मन लागत नाही, उद्या लिहीन, ही सोय त्यात नाही. मुलांना गोष्टी सांगणे आणि त्यांच्यासाठी रोज काही लिहिणे, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम होते. आईच्या आठवणी तर बालपणापासून सोबत होत्या. नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवस लागले ते लिहून काढण्याला. त्या पुस्तकाच्या तयारीला किती वर्षे लागली, हे ज्याने त्याने मोजावे.

खानदेशातलेच दुसरे उदाहरण घेऊ. जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. ती अवघ्या काही दिवसांत लिहून झाली, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्याच लेखकाची ‘हिंदू’ ही कादंबरी मात्र दीर्घ प्रतीक्षेनंतर २०१० साली वाचकांच्या हाती आली. एकच लेखक, दोन पुस्तके आणि त्यांना लागलेल्या वेळात एवढे अंतर. लेखनाचा वेग हा लेखकाचा कायमचा गुण नसतो, तो त्या त्या लेखनाच्या तयारीवर आणि व्याप्तीवर अवलंबून असतो, एवढे यावरून समजते. कादंबरीकाराला अनेक वर्षे थांबण्याचा अधिकार आहे. आपल्या गृहपाठाला तो नाही. त्यामुळे आपल्याला विषयाची व्याप्तीच मुदतीच्या मापाने ठरवावी लागते.

जाता जाता एक गोष्ट. मुदत म्हणजे लेखनाचा शत्रू, असे समजण्याचेही कारण नाही. मराठीत १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला आणि तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. कित्येक मराठी कथा आणि लेख केवळ दिवाळी जवळ आली आणि संपादकाचा तगादा सुरू झाला, म्हणून लिहून झाले आहेत.

हात कामात असताना

वरील उदाहरणे वाचून आपल्या मनात एक रास्त शंका येईल. तुरुंगातील माणसाला शिक्षेची कामे असली, तरी पाहुणे नसतात, लग्नपत्रिका येत नाहीत, लहान मुलाचा ताप नसतो. गृहस्थाश्रमी माणसाने त्यांचे अनुकरण कसे करावे? ही शंका योग्य आहे. म्हणून आता तुरुंगाबाहेर, शेतात जाऊ.

जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतीची कामे, दळण, स्वयंपाक, घरातले व्याप हे करीत असतानाच त्या ओव्या रचीत. कवितेसाठी वेगळी बैठक, वेगळी खोली, वेगळी वेळ त्यांना मिळाली नाही. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव चौधरी आणि एका नातलगाने टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

बहिणाबाईंची प्रतिभा आपल्यापाशी नसेल, पण त्यांच्यासारखे कामात गुंतलेले हात आपल्यापाशी नक्कीच आहेत. लेखनाच्या एकूण वेळातला मोठा भाग विचारात जातो आणि विचाराला टेबल लागत नाही. कपाशी वेचताना, भाकरी थापताना, फलाटावर गाडीची वाट पाहताना हात किंवा पाय गुंतलेले असतात. मन मोकळे असते. त्या मनाला काम देता येते. मात्र त्यासाठी एक अट आहे. सकाळी कामाला निघण्यापूर्वी गृहपाठातील प्रश्न एकदा नीट वाचलेला असावा. केवळ “अभ्यास करायचा आहे” असे मनाशी घोकल्याने चिंता वाढते, विचार होत नाही. “बहिणाबाईंनी शेतीच्या कामातल्या कोणत्या वस्तूंना प्रतिमा केले आहे?” असा एखादा नेमका प्रश्न सोबत नेला, तर संध्याकाळपर्यंत दोन-तीन उत्तरे हाती लागतात.

दुसरी गोष्टही बहिणाबाईंच्याच उदाहरणातून दिसते. ज्या ओव्या कोणी टिपल्या नाहीत त्या गेल्या. आपल्या घरी सोपानदेव नाहीत; तेव्हा टिपण्याचे काम स्वतःच करावे लागेल. खिशात मावेल अशी वही ठेवावी. हात मातीचे असतील तर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात दोन वाक्ये बोलून ठेवावीत. ही वाक्ये अहिराणीत, लेवा बोलीत किंवा घरात जी बोली असेल तीत असली तरी चालतात. प्रमाणभाषेचा विचार पक्क्या प्रतीच्या वेळी करता येतो. रात्री लेखनाला बसल्यावर कोरा कागद समोर असणे आणि पाच टिपणे समोर असणे यांत किती अंतर आहे, हे एकदा अनुभवूनच पाहावे.

वेळ एकाच जातीचा नसतो

आतापर्यंतच्या विवेचनातून लेखनाची चार वेगवेगळी कामे पुढे येतात. वाचणे आणि टिपणे घेणे हे पहिले, विचार करणे हे दुसरे, कच्चा खर्डा लिहिणे हे तिसरे आणि दुरुस्ती करून पक्की प्रत काढणे हे चौथे. या चारही कामांना सारख्याच प्रकारचा वेळ लागत नाही. वाचन तुकड्यातुकड्यांनी होते. रब्बीच्या दिवसांत कृषिपंपाला रात्रीची वीज असेल आणि हरभऱ्याला पाणी द्यायला शेतावर थांबावे लागत असेल, तर एका बाऱ्याचे पाणी भरेपर्यंत पाठ्यपुस्तकाची चार पाने वाचून होतात. पक्की प्रत काढायला शांतता फारशी लागत नाही. उजेड, सपाट जागा आणि न थरथरणारा हात लागतो. शेजारी कोणी बोलत असले तरी ते काम होऊ शकते. सलग, अखंड वेळ लागतो तो केवळ कच्च्या खर्ड्याला.

हे लक्षात न घेतल्यामुळे आपण फार मोठी उधळपट्टी करतो. घरात सगळे झोपले आहेत, पहाटेचा दीड तास मिळाला आहे आणि त्या वेळेत आपण वहीला समास आखत बसतो किंवा पहिले पान तिसऱ्यांदा सुंदर अक्षरात लिहितो. दुपारी पाहुण्यांची वर्दळ असताना मात्र उत्तराचा आरंभ कसा करावा, याचा विचार करू लागतो आणि सुचत नाही म्हणून स्वतःला दोष देतो. पहाटेचा दीड तास हा खर्ड्याचा वेळ आहे. तो इतर कशालाही देऊ नये.

खर्डा लिहिताना मागे वळून वाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अक्षर कसेही असो, एखादा शब्द न आठवल्यास तेथे रिकामी जागा सोडावी आणि पुढे जावे. खर्डा हा कोणाला दाखवायचा नसतो. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच सुटलेले आहे, दहा-पंधरा वर्षांनी लेखणी हाती आली आहे. त्यामुळे प्रत्येक वाक्य चुकेल की काय, अशी धास्ती वाटते. या धास्तीपायी एकेका वाक्यावर पंधरा मिनिटे जातात. शुद्धलेखनाची चूक दुरुस्तीच्या वेळी दोन मिनिटांत सुधारता येते. न लिहिलेले पान कशानेच सुधारता येत नाही.

तारखेपासून मागे मोजणे

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, ‘बहिणाबाईंच्या कवितेतील कृषिजीवन’ या विषयावर सुमारे बाराशे शब्दांचा गृहपाठ अभ्यासकेंद्रावर ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा आहे. हाताने लिहिताना एका पानावर साधारण पावणेदोनशे शब्द बसतात असे धरले, तर ही सात पाने झाली. घड्याळ लावून एक पान स्वच्छ अक्षरात लिहून पाहिले आणि त्याला वीस मिनिटे लागली असे समजू. आपला वेग वेगळा असेल. तो स्वतः मोजावा, अंदाजाने धरू नये. सात पानांच्या केवळ पक्क्या प्रतीला १४० मिनिटे लागतील. दिवसभराच्या कामानंतर एका बैठकीत चाळीस मिनिटे लेखन होते असे धरल्यास या चार बैठका झाल्या. खर्ड्याला याच्या दुप्पट वेळ धरावा, म्हणजे सात बैठका. वाचन आणि टिपणांना सहा, दुरुस्तीला दोन. एकूण एकोणीस बैठका.

एका रात्रीत गृहपाठ का होत नाही, याचे उत्तर या एकोणीस आकड्यात आहे.

आठवड्याचे सातही दिवस अभ्यासाचे असतात असे कागदावर लिहिता येते, पण ते खरे नसते. आठवडे बाजाराचा दिवस जातो. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येत असेल, तर पाण्याचा दिवस हा त्या घरातील बाईचा अभ्यासाचा दिवस नसतो. शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जाण्याचा ज्यांच्या घरचा परिपाठ आहे, त्यांनी शनिवार धरू नये. म्हणून आठवड्यातून चारच बैठका होतील असे मानावे. एकोणीस बैठकांना जवळजवळ पाच आठवडे लागतात. ३१ जानेवारी ही गृहपाठ देण्याची शेवटची तारीख आहे, लेखन संपवण्याची नव्हे. तीन दिवस आधी, म्हणजे २८ जानेवारीला, तो हातात तयार असावा. तेथून पाच आठवडे मागे गेल्यावर २४ डिसेंबर येतो. आजारपण, मयत, अचानक आलेले पाहुणे यांसाठी एक आठवडा राखून ठेवला, तर १७ डिसेंबर. जानेवारीअखेरच्या गृहपाठाचा आरंभ डिसेंबरच्या मध्यावर करावा लागतो, आणि त्या वेळी कपाशीची वेचणी अजून आटोपलेली नसते. दोन गृहपाठ असतील तर आरंभ नोव्हेंबरच्या मध्यावर जातो. सुरुवातीचे वाचन म्हणूनच वेचणीच्या दिवसांत तुकड्यातुकड्यांनी करावे आणि खर्ड्याच्या सलग बैठका संक्रांतीच्या पुढेमागे ठेवाव्यात.

येथे प्रत्येकाचे पंचांग निराळे आहे. अंगणवाडी सेविकेला महिनाअखेरीस नोंदवह्या आणि अहवाल पुरे करावे लागतात. तिच्या दृष्टीने ३१ जानेवारीच्या गृहपाठाची खरी शेवटची तारीख २५ जानेवारी असते. दुकानदाराची दिवाळी अभ्यासाची नसते. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते. श्रावणात कानबाईचा रविवार येतो, महाशिवरात्रीला मुक्ताईच्या यात्रेची गर्दी असते. उन्हाळ्यात आखाजीला माहेरवाशिणी घरी येतात आणि परीक्षेचे दिवसही त्याच सुमारास जवळ येऊ लागतात. हे सण अभ्यासासाठी सोडून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. आखाजीचा झोका सोडून केलेला अभ्यास फार दिवस टिकत नाही. पण हे दिवस कधी येणार, हे वर्षाच्या आरंभीच ठाऊक असते आणि ठाऊक असलेली गोष्ट अडचण म्हणून सांगता येत नाही. दिनदर्शिकेवर आधी हे दिवस खोडावेत आणि जे उरतील त्यांतूनच बैठका मोजाव्यात.

खर्डा आणि दुरुस्ती यांच्यामध्ये निदान दोन दिवसांचे अंतर असावे. लगेच वाचले तर आपण काय लिहिले ते दिसत नाही, काय लिहायचे होते तेच दिसते. दोन दिवसांनी तोच खर्डा मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य बहुधा बिघडलेले असते. घरातल्या शाळकरी मुलाला समोर बसवून वाचून दाखवता आले तर अधिक चांगले. त्यामुळे आणखी एक गोष्ट साधते: आई किंवा वडील काहीतरी महत्त्वाचे करीत आहेत, हे घराला कळते. ज्या घरात अभ्यासाची तारीख एकट्याच्याच डोक्यात असते, त्या घरात ती सहज मोडली जाते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ती सर्वांना दिसेल अशी लिहावी.

मुदत टळू लागली तर

इतके करूनही कधी वेळ पुरत नाही. अवकाळी पाऊस येतो, घरात आजारपण निघते. अशा वेळी दोन मार्ग दिसतात. गाइडमधून उतरवून काढणे, किंवा गप्प राहणे आणि तारीख जाऊ देणे. तिसरा मार्ग अधिक चांगला आहे. तारीख उलटण्यापूर्वी समंत्रकाला किंवा अभ्यासकेंद्राला आपली अडचण कळवावी. सवलत देणे प्रत्येक वेळी त्यांच्या हाती नसते. पण तारखेआधी आलेल्या माणसाला मार्ग सांगता येतो, तारखेनंतर आलेल्याला केवळ नियम सांगता येतो. आणि सवलत मिळाली नाही, तर विषय लहान करावा. बहिणाबाईंच्या कवितेतील समग्र कृषिजीवन सहा दिवसांत मांडता येणार नाही. केवळ पेरणीविषयीच्या दोन-तीन कविता घेऊन चार पाने प्रामाणिकपणे लिहिता येतील. तपासणाऱ्याला अशी चार पाने उसन्या आठ पानांपेक्षा अधिक काही सांगतात. गुण थोडे कमी पडतील. लेखन आपले राहील.

आपल्यासाठी कार्य

पुढील संपर्कसत्रापूर्वी एक पान, स्वतःच्या मजकुराचे, स्वच्छ अक्षरात लिहा आणि त्याला लागलेली मिनिटे पानाच्या कोपऱ्यात नोंदवा. त्यानंतर घरातील दिनदर्शिकेवर आपल्या गृहपाठाची तारीख शोधा, तिच्या तीन दिवस आधीच्या दिवसाभोवती वर्तुळ काढा आणि वर दिलेल्या पद्धतीने बैठका मोजत मागे या. वाटेतील बाजार, पाणी, वेचणी, लग्ने आणि सण यांचे दिवस प्रथम खोडण्यास विसरू नका. जी तारीख हाती येईल ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून संपर्कसत्राला आणा. ती तारीख आधीच उलटून गेलेली असल्यास, विषयाचा कोणता भाग वगळता येईल, याविषयी दोन ओळी लिहून आणा. त्यावर आपण सत्रात चर्चा करू.